पितळी भाग, नग पाच

मावशींच्या हातात कुठलीही वस्तू दिली की ती आधी उलटी व्हायची. बिस्किटाचा पुडा असो, लग्नाची पत्रिका असो, नाहीतर कुणी कौतुकानं दाखवायला दिलेला नवा मोबाइल असो, त्या ती पालथी करणार, तळावरून अंगठा फिरवणार आणि मगच सुलटी धरणार. भरलेला चहाचा कप पालथा करता येत नाही, म्हणून तो डोळ्यांच्या वर उचलून खालून बघणार. "वरून सगळंच चांगलं असतं भाऊ," त्या म्हणायच्या, "खालून बघावं."

चाकणच्या एका कंपनीत मी तपासणी विभागात आहे. गाड्यांना लागणारे पितळेचे आणि लोखंडाचे लहान भाग आम्ही बनवतो आणि ते बाहेर पडण्याआधी त्यांच्यावर शेवटची नजर आमची असते. मावशी त्या टेबलावर अकरा वर्षं होत्या, ठेकेदाराकडून. म्हणजे काम कंपनीचं, टेबल कंपनीचं, दोष सापडला की शाबासकी कंपनीची आणि मावशी मात्र ठेकेदाराच्या. तुम्ही या पट्ट्यात कुठे नोकरी केली असेल तर हे वेगळं सांगायला नको.

पन्नाशी उलटलेली बाई, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, साडीवर कंपनीचा निळा कोट. राहायला संत तुकाराम नगरात. कंपनीची बस नाशिक फाट्याला सहाच्या आत यायची आणि मावशी तिच्याही आधी तिथे उभ्या असायच्या. बसमध्ये सगळे झोपा काढायचे. मावशी पुढच्या सीटच्या पाठीवर सैल झालेला स्क्रू बोटानं फिरवून घट्ट करत बसायच्या.

त्यांच्या उलटं बघण्याची एकदा भलतीच शोभा झाली होती. कंपनीच्या वर्धापनदिनाला मोठे साहेब केक कापायला उभे राहिले, सुरी हातात, फोटोवाला तयार. मावशींनी शेजारी पडलेला केकचा खोका सवयीनं उचलला, तळ बघितला आणि साहेबांना अगदी अदबीनं सांगितलं की याची तारीख परवाच उलटून गेली आहे. साहेबांनी सुरी खाली ठेवली. त्यानंतर कॅन्टीनवाला मावशी रांगेत दिसल्या की आपण होऊन ताटाची खालची बाजू दाखवायचा आणि मगच वाढायचा.

आम्ही त्यांची पुष्कळ थट्टा केली, पण आमच्या यंत्राला जो ओरखडा दिसायचा नाही तो त्यांच्या अंगठ्याला लागायचा. पोरं नवीन लागली की मी त्यांना आठ दिवस मावशींच्या शेजारी बसवायचो.

ही सवय कुठून लागली, असं एकदा बसमध्ये मी विचारलं, तेव्हा त्यांच्या बाहुलीघराची गोष्ट पहिल्यांदा कळली. मावशींचे वडील, त्या त्यांना आबा म्हणायच्या, पिंपरीतल्या एका कारखान्यात टूलरूमला होते. मावशी आठ वर्षांच्या असताना त्यांना कावीळ झाली आणि तीन महिने अंथरुणात काढावे लागले. पोरीला करमत नाही म्हणून आबांनी परदेशी यंत्रांच्या खोक्यांचं लाकूड मागून आणलं आणि त्यांच्या राहत्या घराची हुबेहूब प्रतिकृती बनवली. एक खोली, एक स्वयंपाकघर. स्वयंपाकघरात वेल्डिंगच्या तारेची मांडणी आणि मांडणीवर परात, तांब्या, पोळपाट-लाटणं, पाच ताटं, पाच वाट्या. वाटी शर्टाच्या बटणाएवढी. घरात माणसं पाच, म्हणून वाट्या पाच. कुणाची कुठली ते ओळखू यावं म्हणून प्रत्येक वाटीच्या तळाला पंचनं ठिपके उठवलेले. एक ठिपका आबांचा, दोन आईचे, तीन थोरल्या भावाचे, चार मावशींचे, पाच धाकट्याचे.

खेळ असा की पोरीनं सगळ्यांना वाढायचं आणि आबांनी येऊन तपासायचं. ते एकेक वाटी उलटी करून ठिपके मोजायचे. आईची वाटी भावाच्या ताटात गेली असेल तर जेवण नापास. "तीन महिन्यांत मी एकदाच पास झाले," मावशी सांगायच्या. त्या पाच माणसांपैकी आता एकट्या मावशीच राहिल्या होत्या. धाकटा भाऊ सर्वांत शेवटी गेला, त्यालाही चार वर्षं झाली होती.

आणखी एक गोष्ट त्या फार अभिमानानं सांगायच्या. आबांनी ही भांडी जेवणाच्या सुट्टीत, फोरमनला विचारून, टाकाऊ तुकड्यांतून लेथवर काढली होती, आणि त्यातलं एकही भांडं चिठ्ठीशिवाय गेटबाहेर आणलं नव्हतं. 'एक वाटी, खेळण्यातली, घरी नेण्यास हरकत नाही' आणि खाली फोरमनची सही. अशा सगळ्या चिठ्ठ्या मावशींनी एका पत्र्याच्या डबीत जपल्या होत्या. आबा टाचणीसुद्धा न विचारता आणायचे नाहीत, असं त्या म्हणायच्या. मी मनात म्हणायचो, म्हातारा जरा जास्तच सरळ दिसतो.

मावशींची मुलगी निगडीला एका ऑफिसात नोकरीला. तिची साडेचार वर्षांची पोर शनिवार-रविवार आजीकडे असायची आणि आता बाहुलीघराची मालकीण तीच होती. एक दिवस तिनं विचारलं, आजी, यात माझी वाटी कुठाय? सहावी वाटी हवी, तळाला सहा ठिपके. हे मला सांगायला त्यांनी दोन महिने लावले आणि सांगतानाही असा चेहरा केला की जणू कंपनीचं छप्पर मागत आहेत.

आमच्या टूलरूममध्ये एक चाचा आहेत, हात सोन्याचा. ते लगेच तयार झाले, फक्त म्हणाले की नमुना पाचही वाट्यांचा आणा, एकीवर भरवसा ठेवून माप काढायचं नाही. साहेबांच्या कानावर घालून ठेवतो, असंही मी म्हणालो आणि विसरलो. आदल्या दिवशी मावशींनी मला विचारलं, "भाऊ, आत नेताना गेटवर लिहून घेऊ का?"

मी हसलो. बटणाएवढ्या वाट्यांची नोंद करायला सांगितली तर रखवालदार येड्यात काढील, असं काहीतरी बोललो. मावशींना ते पटलं नव्हतं, हे मला तेव्हाही दिसलं. पण मी कायमचा माणूस, इन्स्पेक्टर. त्यांनी माझं ऐकलं.

डब्याच्या वरच्या कप्प्यात, कापसात गुंडाळून त्या वाट्या आल्या. मी त्या मोजायच्या यंत्राखाली ठेवल्या आणि खरं सांगतो, आकडे परत एकदा घेऊन पाहिले. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी, हातानं चालवायच्या लेथवर, अर्ध्या तासाच्या सुट्टीत काढलेल्या पाच वाट्या आणि एकीच्या व दुसरीच्या मापात केसाएवढाही फरक नाही. चाचा चष्मा पुसून दोनदा बघून गेले. मला एकदम हुक्की आली. मी आमचा तपासणीचा छापील कागद घेतला आणि रीतसर भरला. भागाचं नाव वाटी, ग्राहक नात, पुढे पाचही वाट्यांची मापं, दोष निरंक. मग खिशातला हिरवा मार्कर काढला आणि प्रत्येक वाटीच्या तळाला, आबांच्या ठिपक्यांशेजारी, आमचा पास झाल्याचा हिरवा ठिपका दिला.

हा ठिपका आमच्याकडे कुणीही देऊ शकत नाही. कायमच्या इन्स्पेक्टरनंच द्यायचा. अकरा वर्षं मावशी दोष शोधत होत्या आणि हिरवा ठिपका शेजारचा माणूस देत होता. त्यांनी एकेक वाटी उलटी करून पाहिली. डोळे भरले होते. "आबांचं काम पास झालं," त्या म्हणाल्या.

गंमत पुरे म्हणून मी थिनरचा बोळा घेतला आणि ठिपके पुसायला हात पुढे केला, तर त्यांनी वाट्या ओंजळीत झाकून घेतल्या. राहू दे म्हणाल्या. मलाही बरं वाटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते दरवेळी स्वतःवरच येतं असं नाही, हे मला माहीत नव्हतं.

त्या आठवड्यात कंपनीत पितळी बुश, म्हणजे गाडीत बसणाऱ्या लहान कड्या, मोजणीत कमी भरत होते आणि गेटवर नवी माणसं आली होती. शिफ्ट सुटली तेव्हा मी मीटिंगला वर बसलो होतो. खाली गेटवर मावशींच्या प्लॅस्टिकच्या डब्यावर धातू शोधायचं यंत्र वाजलं. कापूस उलगडला तर आत पाच पितळी वस्तू, तळाला पंचच्या खुणा आणि आमच्याच विभागाचा हिरवा ठिपका. रखवालदारानं दुसरं काय समजायचं? त्याला मी कधीच दोष दिला नाही. बसमधल्या चाळीस माणसांनी खिडकीतून हे सगळं बघितलं आणि मावशी घरी पोचायच्या आत त्यांच्या कॉलनीत बातमी पोचली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात चौकशी. सुरक्षा अधिकारी, आमचे मॅनेजर, ठेकेदाराचा माणूस, मावशी आणि दाराजवळ मी. मावशींनी ती पत्र्याची डबी आणली होती. त्यांनी चिठ्ठ्या एकेक करून टेबलावर मांडल्या. अधिकाऱ्यांनी एक वाचली आणि म्हणाले की ही दुसऱ्याच कारखान्याची, कुठल्या काळातली, हिचा इथं काय उपयोग. मी पुढे होऊन सांगितलं की आमच्या बुशचं माप वेगळं आहे, हा आमचा माल नाही. तेवढं मात्र मी सांगितलं. ते त्यांना पटलंही. चोरी नाही, असं ठरलं.

मग मॅनेजरनी विचारलं, "हिरवा ठिपका कुणी दिला?"

मावशींनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. त्या वाट बघत होत्या. फार नाही, एखाद्या श्वासाएवढीच. माझ्यापुढे मोठं संकट कसलंच नव्हतं. बढती अडली नव्हती, फार तर एक मेमो मिळाला असता. मी नुसता घाबरलो. याला दुसरं नाव नाही, मी शोधून पाहिलं आहे.

"मीच दिला," मावशी म्हणाल्या. "हौसेनं."

आमच्या धंद्यात चोरी परवडते, पण अधिकार नसलेल्या हातानं पासचा ठिपका दिलेला परवडत नाही. उद्या असाच एखादा वाईट भाग गाडीत गेला तर? ठेकेदाराला सांगितलं गेलं की या बाईंना उद्यापासून पाठवू नका. मावशी एका शब्दानं भांडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, वाट्या द्या. अधिकारी म्हणाले की प्रकरण मिटेपर्यंत त्या लाल पेटीत राहतील.

लाल पेटी म्हणजे आमच्याकडची कुलपाची पेटी. सदोष किंवा कुठून आला ते कळत नाही असा प्रत्येक भाग तिच्यात टाकायचा आणि महिनाअखेरीला यादी करून प्रेसखाली चेपायचा, म्हणजे चुकूनही कुणी तो वापरणार नाही. हा नियम चांगला आहे. नव्या पोरांना तो मीच शिकवतो.

मी त्यांना गेटपर्यंत सोडायला गेलो. अकरा वर्षांची नोकरी पाठीमागे टाकून ती बाई चालली होती आणि बोलली काय, तर "भाऊ, तेवढ्या वाट्या सोडवा. कामाचं मी बघीन." मी म्हणालो, दोन दिवसांत आणून देतो मावशी. ठिपक्याचं त्या बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही.

दोन दिवसांचे आठ झाले. किल्ली मॅनेजरकडे होती आणि किल्ली मागायची तर कारण सांगावं लागणार, कारण सांगायचं तर ठिपका सांगावा लागणार. मग बाहेरचे लोक तपासणीला आले, त्यात एक आठवडा गेला. मावशींचा फोन दोनदा आला. पहिल्यांदा मी सांगितलं की चाललंय. दुसऱ्यांदा उचलला नाही. रोज सकाळी बसमध्ये त्यांच्या जागेवर दुसरं कुणीतरी झोपलेलं असायचं आणि मी दुसरीकडे बघायचो.

शेवटी एका सोमवारी मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगून टाकलं. वरातीमागून घोडं. त्यांनी शांतपणे ऐकलं. हे तेव्हा का बोलला नाहीस, एवढंच विचारलं, उत्तराची वाट पाहिली नाही, ड्रॉवरमधून किल्ली काढून दिली आणि म्हणाले, बाईंच्या वाट्या बाईंना देऊन ये.

लाल पेटी रिकामी होती. महिना चार दिवसांपूर्वीच संपला होता.

मी फाइल काढली. यादी दोन पानांची, चाळीसेक ओळींची. दुसऱ्या पानावर मधेच एक ओळ. 'पितळी भाग, अनोळखी, नग पाच. चेपून नष्ट.' पानाच्या खाली तपासणी विभागाची सही. ती माझी होती. दर महिन्याला मी ही यादी सह्या करून पुढे देतो आणि दर महिन्याला न वाचता देतो, कारण लाल पेटीत वाचण्यासारखं काही नसतं. भंगाराच्या जागेवर जाऊन पाहिलं. पितळ शनिवारीच भट्टीला गेलं होतं.

तपासणीचा तो छापील कागद माझ्या कपाटात होता. तो घेऊन मी चाचांकडे गेलो. त्यांना सगळं कळलेलं होतं. त्यांनी कागद घेतला, साहेबांची लेखी परवानगी आधी मागितली, मी ती आणली आणि मग त्यांनी सहावी वाटी बनवली. तळाला सहा ठिपके. देताना माझ्याकडे पाहिलं नाही. या वेळी गेटवर मी चिठ्ठी दाखवली.

रविवारी संत तुकाराम नगरला गेलो. मावशींनी दार उघडलं, "जयभीम भाऊ, या," म्हणाल्या. बारीक झाल्या होत्या. आता घरीच कुणाच्या साड्यांना फॉल लावून देतात, असं त्यांनी सांगितलं. कंपनीतल्या बायका येतात का, असं विचारलं तर म्हणाल्या, पूर्वी यायच्या.

बाहुलीघर मी पहिल्यांदाच बघत होतो. खोलीच्या कोपऱ्यात, जमिनीवर, पोरीच्या कमरेइतकं उंच. मागच्या भिंतीवर खोक्यावरचा बाण अजून दिसत होता, वरची बाजू दाखवणारा. तारेच्या मांडणीवर परात होती, तांब्या होता, ताटं उभी लावलेली होती. वाट्यांची फळी मोकळी होती आणि तिच्यावरची धूळ मात्र पुसलेली होती. नात समोर मांडी घालून बसली होती आणि स्वयंपाकात गर्क होती.

मी खिशातून सहावी वाटी काढून मावशींच्या हातावर ठेवली. त्यांनी ती उलटी केली, ठिपके मोजले, अंगठा फिरवला. चेहरा उजळला. गेल्या महिनाभरात मी स्वतःला जे काही बोललो होतो त्यापेक्षा तो उजळलेला चेहरा मला जास्त लागला.

"आणि पाच?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. पेटी, महिनाअखेर, प्रेस, भट्टी, सगळं. बोलता बोलता हेही बोलून गेलो की मापं माझ्याकडे आहेत, पाचही तशाच्या तशा करून आणतो. बोललो आणि जीभ चावली. मावशींनी हातातली वाटी सुलटी केली.

"सही कुणाची होती?"

"माझी."

त्यांनी मान हलवली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या रागावल्या नाहीत. त्यांनी सहावी वाटी माझ्या हातात परत ठेवली आणि माझी बोटं तिच्यावर मिटवली, एखाद्या पाहुण्याच्या हातात परतीचा खाऊ द्यावा तशी. "पाच असत्या तर हिला सहावी म्हटलं असतं," त्या म्हणाल्या.

नातीला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. तिनं माझ्यासमोर जमिनीवर एक ताट मांडलं. त्यात चार शितं भात होता, एका कडेला मिठाचे दोन कण. मग तिनं मांडणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आजीकडे वळून विचारलं, "आजी, काकांना आमटी कशात वाढू?"

वाटी माझ्या मुठीत होती. मी मावशींकडे पाहिलं. त्या उठून स्वयंपाकघराकडे निघाल्या होत्या, माझ्यासाठी चहा ठेवायला.

"राहू दे बाळा," त्या जाता जाता म्हणाल्या. "काकांना नुसता भात चालेल."

मी ती चार शितं बोटानं उचलून खाल्ली. मूठ उघडली नाही.